खिडकी उघडी की बंद?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका खिडकीवरून रोज वाद होत असे. आमची थोरली सून चिपळूणकडची. लग्न होऊन जळगावला आली त्याला पुरते वर्षही झाले नव्हते, म्हणजे खानदेशातला हा तिचा पहिलाच उन्हाळा. सकाळी अकराच्या सुमारास ती हॉलच्या खिडक्या उघडायची आणि पाचच मिनिटांनी अम्मी येऊन त्या बंद करायच्या.

"अगं, बाहेरची भट्टी घरात कशाला घेतेस?" अम्मी म्हणत.

"बंद घरात जीव गुदमरतो, अम्मी. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकी बंद दिसली तर शेजारी येऊन विचारतील, घरात कुणी आजारी आहे का म्हणून," सून म्हणे.

आम्ही दोघींचेही बरोबर म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालीत असू. पुढे मात्र असे काही घडले की, हा वाद नीट समजून घेणे भाग पडले. या महिन्याच्या पानात तेच सांगायचे आहे. यात आमची चूकही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

अम्मींचे वय ७६. गेली काही वर्षे त्या वरच्या मजल्यावरच्या एकुलत्या खोलीत राहत होत्या. खाली मुलांचा गोंगाट, टीव्ही, येणारे-जाणारे. वर शांतपणे नमाज आणि तिलावत होते, म्हणून त्यांनीच ती खोली मागून घेतली होती. खोलीला दोन खिडक्या. एक गल्लीच्या बाजूला, समोरच्यांच्या खिडकीच्या अगदी तोंडाशी, म्हणून पर्द्यासाठी कायम बंद. दुसरी पश्चिमेला. तिच्यातून ऊन आणि धूळ येते म्हणून तीही बंद. कूलर खोलीच्या आत, कोपऱ्यात. आम्हाला वाटे, अम्मींची सोय उत्तम आहे, घरातला सर्वात मोठा कूलर त्यांच्याच खोलीत आहे.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. चार दिवस पारा ४३ च्या खाली आला नव्हता. दुपारी सून अम्मींसाठी ताक घेऊन वर गेली, तेव्हा त्या जुहरची नमाज पढत होत्या. सलाम फेरून झाल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि तीच नमाज पुन्हा सुरू केली. ती संपल्यावर सुनेला विचारले, "मगरिबची अजान झाली का गं?" भर दुपारी अडीच वाजता! सुनेने त्यांचा हात धरला, तर अंग तापलेले आणि कोरडे ठणठणीत. ती जिन्यातूनच ओरडली.

आम्ही वर धावलो. आमच्या मनात पहिला विचार आला तो वयाचा. या वयात विसर पडतोच, असे काहीतरी आम्ही बोललोही. सून म्हणाली, "अब्बा, हे वय नाही. अम्मींना ऊन लागलंय." तिने आणि आमच्या बेगमने अम्मींना खुर्चीवर बसवून आमच्या मदतीने खाली आणले, ओढण्या भिजवून मानेवर, काखेत, पायांवर ठेवल्या, अंगावर पाणी शिंपडून पंखा लावला आणि तशाच ओल्या कपड्यांत रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सलाईन लावले. म्हणाले, "आणण्याआधी अंग गार केलंत, ते फार बरं केलंत." दोन दिवसांनी अम्मी घरी आल्या. अल्हम्दुलिल्लाह.

डॉक्टरांनी आम्हाला जे प्रश्न विचारले ते अजून डोक्यातून जात नाहीत. आजी रात्री किती पाणी पितात? त्यांच्या खोलीजवळ संडास आहे का? रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? तेव्हा कळले की, संडास खाली असल्यामुळे रात्री जिना उतरावा लागू नये म्हणून अम्मी मगरिबनंतर पाणीच पीत नसत. रक्तदाबाची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी होती. डॉक्टरांनी तिची मात्रा उन्हाळ्यापुरती बदलून दिली. (अशी गोळी कुणी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांनाच विचारावे.) आणि हे सगळे चालू असताना अम्मींनी एकदाही तक्रार केली नव्हती. विचारले तर म्हणत, "अल्लाहचा शुक्र आहे, चाललंय."

घराबाहेर एक पाऊल न टाकता माणसाला ऊन लागते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

भिंतीवरचे थर्मामीटर

अम्मी घरी आल्यावर आम्ही पहिली वस्तू आणली ती भिंतीला टांगायचे साधे थर्मामीटर. दोन-तीनशे रुपयांत मिळते. आठवडाभर ते घरभर फिरवले आणि वहीत आकडे लिहिले. रात्री अकरा वाजता गच्चीवर ३२, खालच्या हॉलमध्ये ३५ आणि अम्मींच्या खोलीत ३८! ज्या वेळी साऱ्या गावाला वारा गार लागत होता, त्या वेळी अम्मी दिवसाच्या दुपारी झोपत होत्या.

कारण डोक्यावरचा स्लॅब. सिमेंटचा स्लॅब आणि विटांच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते आत सोडतात. स्लॅबला खालून हात लावून पाहा, रात्री दहालाही तो गरम तव्यासारखा लागतो. पंखा तीच छताची गरम हवा खाली ढकलतो. पत्र्याचे घर याच्या उलट. पत्रा उन्हाबरोबर तापतो आणि सूर्य गेल्यावर लवकर निवतो. म्हणून पत्र्याखाली दुपार असह्य असते, पण रात्र सुसह्य होते. स्लॅबच्या सर्वात वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्र जास्त छळते. आपले घर कोणत्या जातीचे आहे हे कळले की, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने आणि तान्ह्या बाळाने कोणत्या वेळी कुठे असावे, हे आपोआप कळते.

अहमदाबादचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथे मे २०१० मध्ये पारा ४६.८ पर्यंत गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिलाच. तिथल्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सर्वात वरच्या मजल्यावर होता. तो तळमजल्यावर आणला, तेव्हा उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या कमी झाली. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते, फक्त मजला बदलला.

दोघीही बरोबर

आता त्या खिडकीच्या वादाकडे येऊ. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. भोवतालची हवा त्यापेक्षा गार असेल, तर वारा अंगावरची उष्णता घेऊन जातो. हवा त्यापेक्षा गरम असेल, तर वारा उलट उष्णता अंगाला देतो. मग आपल्याला वाचवणारा एकटा घाम उरतो, आणि घाम वाळला तरच गारवा मिळतो.

कोकणात मे महिन्यात पारा ३३-३५ च्या आसपास असतो, पण हवेत समुद्राची ओल असते. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तिथे वारा हेच औषध. म्हणून आमच्या सुनेच्या माहेरी उतरते कौलारू छप्पर, जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे-मागे पडवी आणि समोरासमोर खिडक्या. त्या घरात दुपारी खिडकी बंद करणे हा खरोखर जुलूम ठरेल.

आमच्या खानदेशात मात्र दुपारी बाहेरची हवा ४२-४३ अंशांची आणि कोरडी. ती आत घेणे म्हणजे अम्मी म्हणतात तसे भट्टी आत घेणे. आमच्या आजोबांचे रावेरकडचे जुने घर धाब्याचे होते. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. खिडक्या लहान आणि थोड्या. सकाळी दारे-खिडक्या बंद झाल्या की संध्याकाळपर्यंत त्या अंधाऱ्या घरात गारवा टिकायचा. माणसे रात्री अंगणात झोपायची आणि घर रात्रभर उघडे टाकायची. अम्मींची सवय त्या घरातली आहे.

म्हणजे दोघी आपापल्या ठिकाणी बरोबर होत्या. चूक आमची होती, कारण आम्ही खिडकी दिवसा बंद ठेवली आणि रात्रीही बंदच ठेवली. दिवसा बंद आणि रात्री उघडी, या जोडीतला अर्धाच नियम आम्ही पाळत होतो. धूळ, डास, पर्दा आणि चोरीची भीती या चार कारणांनी आज बहुतेक घरांत हेच होते.

कोरड्या हवेच्या प्रदेशात राहणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम झाली की खिडक्या बंद, गार झाली की उघड्या. आमच्याकडे सकाळी आठला बंद करायच्या आणि रात्री नऊ-साडेनऊला उघडायच्या, असे थर्मामीटरने ठरवले. नुसती एक खिडकी उघडून भागत नाही, हवेला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. जिन्यावरचे गच्चीचे दार रात्री उघडे ठेवले, त्याला जाळी आणि कुलूप लावले, तर घरातली गरम हवा जिन्यातून चिमणीसारखी वर निघून जाते. खिडक्यांना डासांची जाळी बसवली. गल्लीकडच्या खिडकीला बाहेरून बारीक पट्ट्यांची लाकडी झडप लावली. तिच्यातून वारा येतो, नजर येत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतली आणि दर्ग्यांतली दगडी जाळी तरी दुसरे काय करते?

पश्चिमेच्या खिडकीला आत जाड पडदा होता, तरी खोली तापत होती. ऊन एकदा काचेतून आत शिरले की पडद्यावर पडून घरातच राहते. ते काचेच्या बाहेरच अडवायला हवे. आम्ही बाहेरून बांबूची चटई सोडली. वाळ्याची ताटी, हिरवी शेडनेट, अगदी जुन्या गोणपाटाचा पडदाही चालतो, पण तो बाहेरून हवा.

कूलरचे गणित

आता आमच्या सर्वात मोठ्या चुकीबद्दल. बंद खोलीच्या कोपऱ्यातला कूलर.

कूलर हवा गार करतो ती पाणी वाळवून. पाणी वाळताना हवेतली उष्णता खाते, माठ गार होतो तसेच. त्यासाठी कूलरला सतत कोरडी हवा हवी. बाहेर ४२ अंश आणि हवा कोरडी असेल, तर चांगला कूलर २७-२८ अंशांची झुळूक देऊ शकतो. पण तोच कूलर बंद खोलीत ठेवला की, तो तीच ती हवा पुन्हा पुन्हा ओली करीत राहतो. तासाभरात खोलीची हवा दमट होते, पाणी वाळायचे थांबते आणि घामही वाळायचा थांबतो. म्हणजे आम्ही वर स्लॅबची भट्टी आणि आत कोकणची ओल, अशी दोन्हीकडची वाईट हवा अम्मींच्या खोलीत एकत्र आणली होती, आणि कोकणचा वारा तेवढा वगळला होता!

कूलर खिडकीत बसवावा, त्याची पाठ बाहेर असावी आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडे ठेवावे. तो जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर जायलाच हवी. कोकणात, मुंबईत किंवा आमच्याकडेही पाऊस पडून गेल्यावर कूलरचा उपयोग नाही. अशा वेळी त्यात पाणी न घालता नुसता पंखा चालवावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे आणि लहान मुलांना ओल्या पायांनी लोखंडी कूलरजवळ जाऊ देऊ नये. दुसरे म्हणजे, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांनी तो १८ वर ठेवून रजई घेण्यात शहाणपण नाही. २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवरच लावून येतात. एकेक अंश वर ठेवला की विजेची साधारण ६ टक्के बचत होते, असे सरकारचा ऊर्जा बचत विभाग सांगतो. २६ वर एसी आणि सोबत हळू पंखा, एवढ्यात झोप नीट लागते. वीज गेली आणि खोलीत ४० च्या वर पारा असेल, तर हातपंख्याने नुसती कोरडी गरम हवा घेत बसू नये. अंगावरचा कपडा ओला करावा, पाय पाण्याच्या टोपल्यात ठेवावेत.

छपरावरचा चुना

वरची खोली दिवसा मोकळी केली, तरी स्लॅबचे काय? त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय चुना. गच्ची झाडून-धुऊन घ्यायची, विझवलेला चुना गाळून त्यात चिकटपणासाठी लाकडाला लावायचा थोडा पांढरा डिंक मिसळायचा आणि कुंच्याने आडवा-उभा असे दोन हात द्यायचे. पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन परत फिरते. अशा पांढऱ्या छपराने खालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, असा अनुभव अहमदाबादसारख्या शहरांत आला आहे. तेलंगणाने तर २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच काढले. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा लावावा लागतो. ऐपत असेल तर पांढरा वॉटरप्रूफ रंग किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची गच्ची जास्त वर्षे टिकते. चुना लावताना डोळे सांभाळावेत आणि मुलांना गच्चीवर येऊ देऊ नये.

पत्र्याच्या घरालाही पांढरा रंग चालतो. शिवाय पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटईचे किंवा थर्माकोलच्या पाट्यांचे छत केले, तर पत्र्याची धग थेट डोक्यावर येत नाही. आमच्याकडे पत्र्यावर तुराट्या आणि केळीची वाळलेली पाने टाकण्याची रीत आहे. गारवा त्याने येतो, पण ठिणगी पडली तर घर जाते. चुलीचा धूर किंवा विजेच्या तारा जवळ असतील, तर हा उपाय करू नये. थर्माकोलही चुलीपासून आणि तारांपासून दूरच असावे.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणे चांगले, पण आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि वजूच्या पाण्यातही काटकसर शिकवणारा आपला दीन आहे. आम्ही वजूचे आणि भाज्या धुतलेले पाणी बादलीत जमवतो आणि मगरिबनंतर अम्मींच्या खोलीवरच्या भागावर शिंपडतो. तेवढ्यानेही फरक पडतो.

पाण्याचा आणि गारव्याचा हा संबंध आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी हौदात पडते ते आपण पाहतो. पण त्या हौदाच्या खाली खांबांवर उभे असलेले मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. डोक्यावर पाणी असल्याने भर उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. पुढच्या वेळी गेलात, तर मुलांना ते मुद्दाम दाखवा.

घरातली सर्वात गरम जागा

थर्मामीटर घरभर फिरवले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, आणि ती लिहिताना थोडी लाज वाटते. दुपारी बारा वाजता घरातला सर्वात मोठा आकडा अम्मींच्या खोलीत नव्हता, स्वयंपाकघरात होता. तिथे कूलर नव्हता, पंखा लावला तर गॅस विझतो म्हणून पंखाही बंद, आणि त्या वेळी तिथे आमच्या बेगम आणि सून भाकरी भाजत उभ्या होत्या. आम्ही कूलरपुढे बसून "आज फार उकडतंय" असे म्हणत होतो.

रात्रीचेही तसेच. आम्ही आणि मुले गच्चीवर गाद्या टाकून झोपत होतो. घरातल्या बायका मात्र पर्द्यासाठी खाली, तापलेल्या भिंतींमध्ये. वर्षानुवर्षे असेच चालत आले, म्हणून कुणाला ते खटकलेही नाही. पर्दा जपायचा म्हणजे बायकांनी उकाड्यात झोपायचे, असे कुठे सांगितले आहे? गच्चीचा अर्धा भाग बांबू आणि शेडनेटने माणसाच्या उंचीपेक्षा वर आडोसा करून बंद केला. एवढ्याला दोन दिवसांची मेहनत आणि थोडा खर्च आला. आता आठवड्यातले चार दिवस गच्ची बायकांची आणि तीन दिवस आमची. पहिल्या रात्री वरून हसण्या-बोलण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

स्वयंपाकघरात धूर आणि वाफ बाहेर फेकणारा पंखा लावला. डाळ, भात, सालन सकाळी नऊच्या आत होते. भाकऱ्याही तेव्हाच भाजून कापडात बांधून ठेवतो, दुपारी गॅस पेटवायचा नाही असे ठरले आहे. जेवणात ताक, काकडी, कैरीचे पन्हे, सब्जा. दुपारी गरम भाकरीचा हट्ट धरणारे घरात एकटे आम्हीच होतो. तो सोडला.

हे पुढच्या काही वर्षांसाठी जास्त महत्त्वाचे आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये रमजान मे महिन्यात आला होता, तेव्हा इफ्तारीच्या आधी स्वयंपाकघरात काय हाल होतात ते सर्वांना आठवत असेल. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान आता थंडीकडे सरकला आहे, पण बकरी ईद उन्हाळ्यात आली आहे. २०२५ मध्ये ती जूनच्या पहिल्या आठवड्यात होती आणि यापुढे काही वर्षे ती मे महिन्यातच येत राहील. ईदच्या दिवशी घरात पाहुणे, मोठी पातेली आणि दिवसभर पेटलेला गॅस. त्या दिवशी मोठा स्वयंपाक शक्य तर फजरनंतर लगेच किंवा अंगणात सावलीला करावा. पुरुषांनी आणि मुलांनी मांस कापण्या-धुण्याचे आणि वाटण्याचे काम अंगावर घ्यावे. घरातल्या बायकांची ईद चुलीपुढे घामात जाऊ नये.

आपल्या दीनमध्ये या बाबतीत सोपेपणा आहे. कडक उन्हात जुहरची नमाज थोडी थंडावल्यावर अदा करावी, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे सही बुखारी आणि सही मुस्लिम दोन्हींमध्ये आले आहे. दुपारची थोडी झोप, कैलूला, हीही सुन्नत आहे. अम्मी आता वेळेच्या आत, पण थोडे थांबून, खालच्या हॉलमध्ये नमाज पढतात.

कुणाला काय झाले तर

चक्कर, डोके दुखणे, पायात गोळे, मळमळ, खूप थकवा ही सुरुवात. अशा माणसाला गार जागी बसवावे, पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी द्यावे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, वेळ-काळ विसरला, अंग खूप तापले, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन करावा आणि वाट पाहत न बसता अंगावर पाणी ओतून वारा घालीत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. खिशात कांदा ठेवून काही होत नाही, तो जेवणात खावा.

आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत एक हमालाचे कुटुंब भाड्याने राहते. त्यांच्या घरी दोन महिन्यांचे बाळ होते. अम्मींच्या आजारपणानंतर बेगमने त्या बाळंतिणीला बोलावून आणले. पूर्ण उन्हाळा ती बाळाला घेऊन दुपारी एक ते पाच आमच्या हॉलमध्ये येत होती. पहिले दोन दिवस ती संकोचाने दाराजवळच बसायची. तिसऱ्या दिवशी अम्मींनी तिला आपल्या बिछान्याजवळ जागा करून दिली. आपल्या आसपास अशी घरे असतील. गारव्याची एक खोली दुपारी चार तास वाटून घेता येते, त्याला पैसा लागत नाही.

अम्मींची वरची खोली गेली, याचे वाईट वाटते. खाली त्यांना तशी शांतता मिळत नाही. म्हणून दुपारी दोन ते चार टीव्ही बंद, असा नियम केला आहे आणि मुले तो कुरकुरत पाळतात. संडास जवळ असल्याने अम्मी आता रात्रीही पाणी पितात. उशाशी तांब्या असतो आणि सकाळी तो रिकामा झाला का, हे सून पाहते. फजरनंतर मात्र अम्मी जिना चढून वर जातात. त्या वेळी खोली गार असते, दोन्ही खिडक्या रात्रभर उघड्या राहिलेल्या असतात. तासभर तिलावत करून आठच्या सुमारास त्या उतरतात आणि उतरताना एकेक खिडकी स्वतः बंद करतात. रात्री साडेनऊला त्या उघडण्याचे काम सुनेचे.

आपल्या घरी उन्हाळ्यात काय करता, आजी-नानींच्या काळी काय करीत असत, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. विशेषतः कोकण, मराठवाडा आणि विदर्भातल्या वाचकांनी. निवडक पत्रे पुढच्या अंकात याच पानावर देऊ, इन्शाअल्लाह.